सचखंडाचा सांभाळ : नांदेडच्या तख्ताचा इतिहास, मर्यादा आणि कारभार

शिखांच्या पाच तख्तांपैकी तीन पंजाबात आहेत, एक बिहारमध्ये पाटण्याला आणि एक गोदावरीच्या काठी नांदेडला. नांदेडचे ‘तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब’ हे दहावे गुरू गोविंदसिंगजी यांच्या अखेरच्या दिवसांचे आणि अंत्यविधीचे ठिकाण. ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाले तेही येथेच, अशी शीख पंथाची श्रद्धा आहे. म्हणून या जागेचे स्थान इतर तख्तांपेक्षा थोडे वेगळे आहे.

मराठीत या गुरुद्वाऱ्याविषयी जे छापून येते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एकीकडे यात्रेकरूंसाठीची माहिती, दुसरीकडे गुरुद्वारा बोर्डाच्या वादांच्या बातम्या. या दोहोंच्या मधला मोठा भाग आपल्या वाचनात येत नाही. स्थळ घडले कसे, त्याची निगा कोणी राखली, तिथली पूजापद्धती पंजाबपेक्षा वेगळी का आणि कारभारावर शेवटचा शब्द कोणाचा, हे प्रश्न महाराष्ट्राच्या भूमीवरचे आहेत, आणि त्यांतला शेवटचा तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या हातात आहे.

हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. रोजची सेवा नांदेडच्या हजुरी शिखांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. पैसा, फर्मान आणि कायदा मात्र प्रत्येक काळात लांबून आला : कधी लाहोरहून, कधी हैदराबादहून, पुढे अमृतसरहून आणि मुंबईहून. या स्थळाबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक वादात ही ओढाताण दिसते.

1708 : काय घडले आणि त्याचे अर्थ

घटनाक्रमाचा सांगाडा बहुतेकांना मान्य आहे. मार्च 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ भिंगारला वारला. जून 1707 मध्ये आग्र्याजवळ जाजऊच्या लढाईत शहजादा मुअज्जम जिंकला आणि बहादूरशाह या नावाने तख्तावर बसला. गुरू गोविंदसिंगजी त्याला आग्र्यात भेटले आणि बादशहाने त्यांना खिलत (मानाचा पोशाख) दिली, याची नोंद दरबारी अखबारात (बातमीपत्रांत) आहे. पुढे बादशहा आपला भाऊ कामबक्ष याचे बंड मोडण्यासाठी दख्खनकडे निघाला. गुरूही त्याच्या छावणीबरोबर दक्षिणेत आले आणि 1708 च्या पावसाळ्याच्या सुमारास नांदेडला थांबले. येथे माधोदास नावाचा बैरागी त्यांना भेटला, शिष्य झाला आणि बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबकडे गेला. काही दिवसांनी एका पठाणाने गुरूंवर खंजिराने वार केला. जखम शिवली, बरी होत आली, पण धनुष्य ओढताना पुन्हा उघडली. 7 ऑक्टोबर 1708 रोजी गुरू निवर्तले.

मतभेद सुरू होतात ते कारणांपाशी. गुरू छावणीबरोबर का होते? मुघल इतिहासकार खाफीखान त्यांचे वर्णन दोन-तीनशे भालाईत स्वारांसह बादशहाच्या सोबत असलेला सरदार असे करतो. त्यावरून काही इंग्रज लेखकांनी गुरूंनी मुघल चाकरी पत्करली असा निष्कर्ष काढला. गंडासिंग यांच्यासारख्या शीख इतिहासकारांनी तो अमान्य केला. त्यांच्या मते गुरू सरहिंदचा फौजदार वजीरखान याच्याविरुद्ध न्याय मागत होते. त्यांच्या धाकट्या दोन मुलांना वजीरखानानेच मारवले होते. बादशहा निर्णय पुढे ढकलत राहिला आणि त्या वाटाघाटींतच प्रवास लांबला. माझ्या समजुतीप्रमाणे दुसरे स्पष्टीकरण पुराव्याशी अधिक जुळते. गुरूंच्या नावे मनसब किंवा जहागीर दिल्याची नोंद पुढे आलेली नाही, आणि खिलत तर साधू-फकिरांनाही मिळत असे.

हल्ल्यामागे कोण, यावरही एकमत नाही. शीख परंपरेत वजीरखानाच्या कटाचे स्पष्टीकरण सर्वाधिक रूढ आहे. जुन्या काही कथांत पठाण घराण्याचे वैयक्तिक वैर पुढे येते. अखबारातल्या ऑक्टोबर 1708 च्या नोंदी हे चित्र आणखी गुंतागुंतीचे करतात. गुरूंच्या हातून मारला गेलेल्या जमशेदखान अफगाणाच्या मुलाला शोकाची खिलत मिळाली, आणि गुरूंचा मानसपुत्र अजितसिंग यालाही मिळाली. गुरूंच्या मागे राहिलेली मालमत्ता जप्त करू नये, असाही हुकूम आहे. या नोंदींवरून बादशहाला दोषी ठरवणारे आहेत आणि निर्दोष ठरवणारेही आहेत. नोंदींतून दरबाराची सावध वागणूक दिसते, कटाचा उलगडा होत नाही.

तिसरा वाद सर्वांत नाजूक आहे. ग्रंथसाहिबाला गुरुपद देण्याचा विधी नांदेडला नेमका कसा झाला? पंथाची भूमिका स्पष्ट आहे आणि तिला भाटांनी ठेवलेल्या ‘भट्ट वही’तल्या नोंदीचा आधार दिला जातो. इतिहासकार डब्ल्यू. एच. मॅक्लाउड यांनी मात्र समकालीन पुराव्याबाबत शंका घेतली. ग्रंथाचे गुरुपद हा सिद्धान्त अठराव्या शतकात हळूहळू स्थिर झाला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर शीख अभ्यासकांनी विस्ताराने उत्तरे दिली. दुसऱ्या टोकाला नामधारी पंथाची परंपरा आहे. तिच्यानुसार गुरू नांदेडला निवर्तलेच नाहीत. ते अजापालसिंग या नावाने अनेक वर्षे जगले आणि मनुष्यरूपातली गुरुपरंपरा पुढे चालली. गंडासिंग यांनी 1972 मध्ये या मताच्या खंडनासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्यांचा भर सेनापतीच्या ‘श्री गुरसोभा’सारख्या जवळच्या काळातल्या साधनांवर होता. मृत्यूचे स्थळ आणि काळ याबाबत त्यांचा युक्तिवाद बहुसंख्य अभ्यासकांनी स्वीकारला आहे. गुरुपदाच्या विधीबाबतची चर्चा मात्र अजून चालू आहे.

नांदेड शहरात या इतिहासाची स्वतःची भूगोलवही आहे. संगत साहिब, शिकार घाट, नगीना घाट, हिरा घाट, माल टेकडी, बंदा घाट : प्रत्येक ठिकाणी 1708 मधला एकेक प्रसंग सांगितला जातो. बादशहाने दिलेला हिरा गुरूंनी गोदावरीत भिरकावला, ढालीने मोजून सैनिकांना पैसे वाटले, अशा त्या कथा. कागदपत्रांनी यांतले फारसे सिद्ध होत नाही. तरीही या स्थळांची जुळणी कधी झाली, कोणत्या क्रमाने ती यात्रेत आली, याचा अभ्यास स्वतंत्रपणे करण्याजोगा आहे. यात्रेकरू जो इतिहास घेऊन घरी जातो तो मुख्यतः याच ठिकाणी ऐकलेला असतो.

अंगीठ्यापासून वास्तूपर्यंत

गुरूंच्या दहनाच्या जागेला अंगीठा साहिब म्हणतात. परंपरा सांगते की गुरूंनी भाई संतोखसिंग यांना येथेच राहून लंगर चालवायला सांगितले. आपल्या नावाने स्मारक बांधू नये, बांधेल त्याचा वंश चालणार नाही, असेही गुरूंनी बजावल्याची आख्यायिका आहे. महाराजा रणजितसिंगांनी तरीही बांधकाम हाती घेतले आणि त्यांचे राज्य व वंश दोन्ही लवकर संपले, असा या कथेचा पुढचा भाग. इतिहास म्हणून ती तपासता येत नाही. पण लहान स्मृतिस्थानापासून भव्य वास्तूपर्यंतचा प्रवास पंथाच्या मनातही निःशंक नव्हता, हे या आख्यायिकेतून कळते.

आजच्या मुख्य वास्तूचे बांधकाम 1832 ते 1837 या काळातले. ती दोन मजली असून आतल्या सजावटीवर अमृतसरच्या हरिमंदिराची छाप आहे. गर्भगृहाच्या भिंती सोन्याच्या पत्र्यांनी मढवलेल्या आहेत. दिवसा ग्रंथसाहिब गर्भगृहापुढच्या दालनात विराजमान असतो आणि रात्री आतल्या संगमरवरी चौथऱ्यावर नेला जातो. त्याच चौथऱ्यावर दिवसा गुरूंची म्हणून जपलेली शस्त्रे मांडलेली असतात : सोन्याची कट्यार, तोड्याची बंदूक, बाणांचा भाता, धनुष्ये, रत्नजडित पोलादी ढाल आणि तलवारी. आवारात शीख वीरांगना माई भागो यांचा बुंगा (निवासस्थान) आहे आणि पंचप्याऱ्यांपैकी भाई दयासिंग व भाई धरमसिंग यांचा अंगीठाही आहे.

हे बांधकाम निजामाच्या राज्यात, लाहोरच्या पैशातून झाले. त्या वेळी हैदराबादचा कारभार चंदूलाल यांच्या हाती होता आणि शीख परंपरेत त्यांना नानकपंथी मानले जाते. याच सुमारास पंजाबातून शीख सैनिक हैदराबादच्या चाकरीत आले. ‘लाहोरी फौज’ किंवा ‘जमियत-ए-सिखान’ या नावाने ओळखल्या गेलेल्या पथकांतल्या अनेकांनी दख्खनेतच घरे केली. आजच्या दख्खनी शिखांचा मोठा भाग त्यांच्या वंशातला मानला जातो. दख्खनी हिंदी, मराठी, तेलुगू घरात बोलणारे, पंजाबी गुरबाणीपुरते जाणणारे असे हे लोक आहेत. बिरिंदरपालसिंग यांनी त्यांच्यावर समाजशास्त्रीय काम केले आहे. पंजाबी शीख त्यांना पुरेसे शीख मानतात का, हा प्रश्न त्या कामात वारंवार पुढे येतो. गुरुद्वाऱ्याच्या कारभाराचा वाद समजून घ्यायचा तर या समाजाची ही जाणीव लक्षात ठेवावी लागते. शस्त्रे ज्यांनी जपली, दिवा ज्यांनी विझू दिला नाही, त्यांनाच आपल्या शीखपणाचा दाखला द्यावा लागतो.

एकोणिसाव्या शतकात काही काळ ताबा उदासी पंथाच्या पुजाऱ्यांकडे गेला. सुधारणावादी सिंग सभा चळवळीच्या प्रभावाने तो पुन्हा खालसा शिखांकडे आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पंजाबातून आलेल्या संत बाबा निधानसिंगांनी लंगराची घडी बसवली आणि लंगर साहिब हे नांदेडमधले स्वतंत्र मोठे सेवास्थान झाले. या काळाचा सविस्तर इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही. त्याची साधने मुख्यतः निजामाच्या दफ्तरात, फारसी-उर्दूत आहेत, आणि शीख इतिहासाचे बहुतेक अभ्यासक गुरुमुखीतून काम करणारे आहेत.

मर्यादा : जुने काय, मिसळलेले काय

हजूर साहिबची पूजापद्धती, तिथल्या शब्दांत ‘मर्यादा’, पंजाबच्या गुरुद्वाऱ्यांपेक्षा ठळकपणे वेगळी आहे. भल्या पहाटे गागरिया सिंघ गोदावरीचे पाणी गागरीतून आणतो आणि त्या पाण्याने तख्ताची सेवा होते. अंगीठा साहिबच्या आतल्या कक्षात फक्त मुख्य सेवेकरी जातो, आणि तो आजन्म ब्रह्मचारी असावा असा दंडक आहे. संध्याकाळी दिव्यांनी आरती होते. शस्त्रांना चंदनाचा टिळा लावला जातो, त्यांचे दर्शन घडवले जाते. गुरू ग्रंथसाहिबाबरोबर दसम ग्रंथाचाही (गुरू गोविंदसिंगजींच्या नावावरील रचनांचा संग्रह) प्रकाश होतो, म्हणजे तोही उघडून मांडला जातो. दसऱ्याला आणि होळीच्या सुमारास होला मोहल्ल्याला निशाण, घोडे आणि शस्त्रधारी निहंगांसह मिरवणूक निघते आणि ‘हल्ला’, म्हणजे लुटुपुटीची चढाई, होतो. त्यात गुरूंच्या घोड्याच्या वंशातले मानलेले घोडे असतात. दिवाळीआधीच्या तख्त स्नानात संगत गोदावरीचे पाणी आणून सारे तख्त धुते आणि शस्त्रे साफ करते. सणांना बकऱ्याचा झटका करून शस्त्रांना रक्ताचा टिळा लावण्याची प्रथाही येथे टिकली आहे.

यांतल्या अनेक गोष्टी पंजाबातल्या प्रचलित आचारात बसत नाहीत. पंजाबातल्या गुरुद्वाऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने 1945 मध्ये मान्य केलेल्या ‘सिख रहत मर्यादे’त ग्रंथसाहिबाच्या बरोबरीने दुसऱ्या ग्रंथाचा प्रकाश करायला आणि दिव्याच्या आरतीला जागा नाही. हजूर साहिबने ती मर्यादा स्वीकारली नाही. 2003 मध्ये पंजाबात नानकशाही दिनदर्शिका लागू झाली, तीही पाटणा आणि नांदेड या दोन तख्तांनी मानली नाही. सण येथे जुन्या विक्रमी पंचांगाप्रमाणेच होतात.

यावर तीन भूमिका आहेत. पहिली हजुरी शिखांची आणि निहंगांची. पंजाबात मुघल छळ, मिसलींची युद्धे, इंग्रजी राज्य आणि सुधारणावादी चळवळ यांतून बरेच काही बदलले. दूर दख्खनेत, इंग्रजांच्या थेट अमलाबाहेर, खालशाचा जुना आचार जसाच्या तसा राहिला. निदरसिंग निहंग आणि परमजीतसिंग यांचे 2008 चे ‘इन द मास्टर्स प्रेझेन्स’ हे सचित्र पुस्तक या भूमिकेची सर्वांत भरघोस मांडणी आहे. त्यातला जुन्या छायाचित्रांचा आणि शस्त्रांच्या नोंदींचा संग्रह तर भूमिकेशी असहमत असणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

दुसरी भूमिका सुधारणावाद्यांची. आरती, टिळा, ब्रह्मचारी पुजारी, निषिद्ध गाभारा आणि पशुबळी हे गुरूंच्या शिकवणीशी विसंगत असून उदासी ताब्याच्या काळात व आसपासच्या देवळांच्या संगतीने आत आले, असे ते म्हणतात. दसम ग्रंथाच्या कर्तृत्वाचा जुना वाद येथे येऊन मिळतो. 1897 च्या शोधक समितीने त्याचा पाठ ठरवला, पण त्यातल्या सगळ्या रचना गुरूंच्या आहेत का, यावर एकमत झाले नाही. 2008 मध्ये अमृतसरच्या अकाल तख्ताहून मधली वाट निघाली. दसम ग्रंथ हा शीख साहित्याचा आणि इतिहासाचा अविभाज्य भाग आहे, पण त्याला ग्रंथसाहिबाची बरोबरी नाही, असे ठरले. नांदेडच्या प्रकाशाचा प्रश्न त्यातून सुटला नाही.

तिसरी भूमिका इतिहासकारांची. हरजोत ओबेरॉय यांनी 1994 च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की सिंग सभेआधीचा शीख आचार बहुरूपी होता आणि आजच्या कडक सीमा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखल्या गेल्या. त्यांच्यावर शीख विद्वानांनी कठोर टीका केली. तरी हा दृष्टिकोन नांदेडला लावला की ‘जुने शुद्ध’ आणि ‘नंतर मिसळलेले’ ही विभागणी ढिली पडते.

मला पहिल्या दोन्ही भूमिकांतला एक दोष सारखाच वाटतो. 1708 ते 1832 या सव्वाशे वर्षांत अंगीठ्यापाशी रोज काय होत असे, याचा अस्सल पुरावा फार तुटपुंजा आहे. ‘पहिल्यापासून असेच’ आणि ‘मागून घुसलेले’ ही दोन्ही विधाने त्या रिकाम्या जागेवर उभी आहेत. गागर, शस्त्रसेवा, हल्ला आणि आरती या चारही प्रथांना एकच वय आहे असे धरण्याचेही कारण नाही. त्या प्रत्येकीचा माग वेगळा काढावा लागेल. मर्यादेचा मान राखूनही हे काम करता येते. आपल्याकडे पंढरपूरच्या नित्योपचारांचा असा अभ्यास झाला, त्याने वारी काही थांबली नाही.

कायदा आणि बोर्ड

पंजाबातल्या गुरुद्वारा सुधार चळवळीतून 1925 चा शीख गुरुद्वारा कायदा आला आणि शिरोमणी समितीला वैधानिक रूप मिळाले. तो निजामाच्या राज्याला लागू नव्हता. त्यामुळे नांदेडचा कारभार वेगळ्या वाटेने गेला. हैदराबाद भारतात विलीन झाल्यानंतर आणि राज्य पुनर्रचनेपूर्वी, 1956 मध्ये, हैदराबाद विधानसभेने ‘नांदेड शीख गुरुद्वारा सचखंड श्री हजूर अपचलनगर साहिब अधिनियम’ मंजूर केला. सतरा सदस्यांचे बोर्ड आणि पाच जणांची व्यवस्थापन समिती अशी त्याची रचना. बोर्डात शिरोमणी समिती, चीफ खालसा दिवाण, नांदेडचे सचखंड हजुरी खालसा दिवाण यांचे प्रतिनिधी, शीख खासदार, शीख मतदारांनी निवडलेले तीन सदस्य आणि सरकारांनी नेमलेले सदस्य होते. त्या वर्षी नोव्हेंबरात मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, आणि हैदराबादचा हा कायदा महाराष्ट्र सरकारच्या हाती आला.

अनेक दावेदारांना थोडी थोडी जागा द्यायची, हे या रचनेमागचे तत्त्व होते. स्थानिक शीख, पंजाबची मोठी संस्था, जुन्या संस्था आणि राज्य यांच्यात तोल राहावा, एकाच्या हाती सगळे जाऊ नये. गैरसोयही तिथेच होती. स्थानिकांना थेट निवडून देता येणाऱ्या जागा थोड्या, आणि नेमणुकांचे राजकारण मात्र चंदीगड, अमृतसर आणि मुंबईच्या सत्तेबरोबर हलणारे.

2015 मध्ये महाराष्ट्राने कलम 11 मध्ये दुरुस्ती करून बोर्डाचा अध्यक्ष नेमण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. शिरोमणी समिती आणि नांदेडमधल्या अनेक शीख संघटनांनी त्याला विरोध केला, आणि ही दुरुस्ती मागे घ्यावी ही मागणी तेव्हापासून उभी आहे. पुढे बोर्डाऐवजी प्रशासकाचा काळ आला. 2023 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रशासकपद दिल्यावर बिगरशीख व्यक्ती नको असा आक्षेप निघाला आणि त्या जागी निवृत्त शीख सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 1956 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यास मंजुरी दिली. त्याला न्यायमूर्ती जगमोहनसिंग भाटिया समितीच्या अहवालाचा आधार होता. प्रस्तावात सदस्य सतराच राहिले, पण बारा सरकारनियुक्त, तीन निवडून आलेले आणि दोन शिरोमणी समितीचे. चीफ खालसा दिवाण, हजुरी खालसा दिवाण आणि शीख खासदार यांच्या जागा गेल्या. पंजाबात आणि नांदेडात तीव्र विरोध झाला. नांदेडला मोर्चा निघाला आणि सरकारने विधेयक थांबवले.

सरकारी बाजूचा युक्तिवाद थोडक्यात असा : गुरुद्वाऱ्याकडे मोठी मालमत्ता आणि उत्पन्न आहे, जुनी रचना गटबाजीने ठप्प होते, आणि महाराष्ट्रातल्या स्थळाच्या कारभारावर परराज्यातल्या संस्थांचा एवढा प्रभाव का असावा? शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर यांच्यासाठी वेगळे कायदे करून राज्याने समित्या नेमल्याच आहेत. शिरोमणी समितीचे उत्तर असे की तख्त ही साऱ्या पंथाची संस्था आहे, तिचा कारभार शिखांनी निवडलेल्यांनी करायचा हे तत्त्व 1925 च्या आधीच्या लढ्यात रक्त सांडून मिळवले आहे, आणि नियुक्त सदस्यांचे बहुमत म्हणजे त्या तत्त्वाचा शेवट. हरियाणाच्या स्वतंत्र गुरुद्वारा कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये वैध ठरवले, तेव्हापासून समितीला आपले क्षेत्र आक्रसण्याची धास्ती आहे. नांदेडच्या प्रश्नाकडे ती त्याच नजरेने पाहते.

तिसरी बाजू हजुरी शिखांची, आणि बातम्यांत तीच सर्वांत कमी येते. सरकारी नियंत्रण त्यांतल्या बहुतेकांना नको आहे. पण अमृतसरचे वाढते वजनही अनेकांना नको, कारण शिरोमणी समितीची रहत मर्यादा आणि त्यांची मर्यादा वेगळी आहे. कारभार गेला तर पूजापद्धतीही जाईल, ही भीती तिथे खरी आहे. त्यांची मुख्य मागणी निवडून येणाऱ्या जागा वाढवाव्यात आणि निवडणूक वेळेवर व्हावी अशी असते.

पंढरपूरशी तुलना मोहात पाडणारी असली तरी पुरी जुळत नाही. तिथे बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढून राज्याने समिती आणली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ते मान्य केले. नांदेडला वंशपरंपरागत पुजारी हटवण्याचा प्रश्नच नाही. तिथे अल्पसंख्य समाजाचा कायद्याने दिलेला प्रातिनिधिक कारभार आहे. तो कमी करायचा असेल तर कारण अधिक भक्कम लागेल. सतरापैकी बारा नियुक्त ही संख्या मला समर्थनीय वाटत नाही. तसेच 1956 ची रचना जशीच्या तशी ठेवावी, हेही पटत नाही, कारण ज्या शहरात हे तख्त आहे तिथल्या शिखांचा आवाज तिच्यात लहान राहिला.

2008 नंतरची वास्तू

ऑक्टोबर 2008 मध्ये गुरुतागद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याची, त्रिशताब्दी साजरी झाली. राष्ट्रपती प्रतिभा पाटील आणि पंतप्रधान मनमोहनसिंग नांदेडला आले. त्याआधीच्या काही वर्षांत शहराचा चेहरा बदलला. जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण योजनेत नांदेडची निवड झाली होती. त्यातून रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण आणि विमानतळाच्या आधुनिकीकरणाच्या कामांना वेग आला. 2011 च्या जनगणनेत साडेपाच लाख लोकवस्ती असलेल्या शहराला एवढा निधी एरवी मिळाला नसता, हे नांदेडकर आजही मान्य करतात.

गुरुद्वाऱ्याभोवतीचे आवार याच काळात मोकळे झाले. पूर्वी गल्ल्यांतून, दुकानांमधून वाट काढत जावे लागे. आता विस्तीर्ण संगमरवरी प्रांगण आहे, यात्री निवास आहेत. सोय निर्विवाद वाढली. त्यासाठी भोवतालची जुनी वस्ती हटली आणि परिसराचा एक थर पुसला गेला.

हा प्रश्न एकट्या नांदेडचा नाही. शीख स्थळांची देखभाल मोठ्या प्रमाणात कारसेवेने होते : संगतीचे श्रम, संगतीचा पैसा आणि एखाद्या बाबांचे नेतृत्व. या पद्धतीत श्रद्धेची ताकद अफाट आहे. जुने दगड, चुना, भित्तिचित्रे वाचवण्याचे शास्त्र मात्र तिच्यात अंगभूत नाही. नवे, शुभ्र, मजबूत करणे हीच सेवा मानली जाते. 2019 मध्ये तरनतारनच्या जुन्या दर्शनी ड्योढीचा भाग कारसेवेत पाडला गेला, तेव्हा पंजाबात मोठा क्षोभ झाला आणि वारसा जपण्याची चर्चा प्रथमच सामान्य संगतीपर्यंत पोहोचली. कारसेवेचे समर्थक विचारतात की गुरुद्वारा हे जिवंत स्थळ आहे की संग्रहालय? संवर्धनवादी म्हणतात की रणजितसिंगांच्या काळातली वास्तू दुसऱ्यांदा बांधता येणार नाही. नांदेडला दोन्ही गोष्टी सांभाळणारी लेखी संवर्धन योजना हवी. मुख्य वास्तूतल्या प्रत्येक थराचे, सोन्याच्या पत्र्यांपासून शस्त्रांपर्यंत, छायाचित्रांसह मोजमाप झाले पाहिजे. बोर्डावर कोणीही असो, हे काम वादाच्या बाहेर ठेवता येण्यासारखे आहे.

नदी आणि यात्रा

गोदावरी ही हजूर साहिबच्या मर्यादेचा भाग आहे. गागर तिच्यातूनच भरते, तख्त स्नान तिच्याच पाण्याने होते. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा आहे. उन्हाळ्यात खालच्या पात्रात वाहते पाणी फार थोडे उरते आणि शहराचे नाले त्यात मिसळतात. घाट देखणे झाले, पाणी मात्र तसेच राहिले. नदीशुद्धीची जबाबदारी महापालिकेची आहे आणि बोर्डाच्या हातात ती नाही. तरी दसऱ्याची मिरवणूक असो की मर्यादेचा वाद, नांदेडमधल्या चर्चेत नदीचा उल्लेख इतका कमी असावा याचे नवल वाटते.

यात्रेकरूंचा मोठा ओघ पंजाबातून येतो. अमृतसर ते नांदेड हे सुमारे दोन हजार किलोमीटरचे अंतर सचखंड एक्सप्रेस कापते. वाटेत संगत फलाटांवर प्रवाशांना लंगर देते. मराठी मुलखात ओळखीचे असे एक दुसरे नातेही आहे. ग्रंथसाहिबात संत नामदेवांची 61 पदे आहेत. त्यामुळे हजूर साहिबला आलेले अनेक जण हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सी नामदेवलाही जातात. पंजाबातल्या घुमानला 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच धाग्यामुळे.

या दूरच्या यात्रेची जोखीम 2020 मध्ये दिसली. कोरोनाच्या टाळेबंदीत सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडला अडकले. त्यांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था गुरुद्वाऱ्याने आणि लंगर साहिबने महिनाभर केली. एप्रिलच्या अखेरीस ते बसने पंजाबला परतले, त्यांतले बरेच जण तिकडे बाधित निघाले, आणि लागण नांदेडची की वाटेतली यावरून दोन राज्यांत आरोप झाले. पुढच्या वर्षी होला मोहल्ल्याची मिरवणूक आवारातच ठेवण्याचे ठरले असताना गर्दी अडथळे तोडून बाहेर पडली आणि पोलीस जखमी झाले. मर्यादा आणि सार्वजनिक नियम एकमेकांसमोर आले की कोणी कोणाशी बोलायचे, याची कायम व्यवस्था नाही, हे त्या प्रसंगाने उघड केले. निवडून आलेले, स्थानिकांना मान्य असलेले बोर्ड जागेवर असते तर ते काम त्याचेच होते.

आज काय खुले आहे

2024 चे विधेयक थांबले आहे, पण 2015 च्या दुरुस्तीचा प्रश्न त्याने निकालात निघत नाही. सर्व शीख गुरुद्वाऱ्यांसाठी एकच अखिल भारतीय कायदा करावा ही जुनी मागणी अधूनमधून वर येते. तसा कायदा झाला तर नांदेडची स्वतंत्र मर्यादा त्यात कशी बसेल, याचे उत्तर त्या मागणीच्या पुरस्कर्त्यांनी दिलेले नाही. नवी रचना कोणतीही येवो, धार्मिक आचाराचा निर्णय आणि मालमत्तेचा कारभार या दोन गोष्टी कायद्यात वेगळ्या लिहिल्या गेल्या तर हजुरी शिखांची निम्मी भीती कमी होईल आणि अमृतसरशी संवादही सोपा होईल. हा मुद्दा कायदेशीर चर्चेत अजून पुरेसा आलेला नाही.

अभ्यासाच्या बाजूला सगळ्यांत मोठे काम हैदराबादच्या दफ्तराचे आहे. निजामी काळातले इनाम, ताब्याचे तंटे, चंदूलालांच्या कारकिर्दीतला खर्च, शीख पथकांच्या नेमणुका यांविषयीचे फारसी-उर्दू कागद वाचणारी माणसे मराठवाड्यात अजून आहेत, आणि ती वयाने मोठी आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ याच शहरात आहे. गुरुमुखी जाणणारा एक आणि मोडी-फारसी जाणणारा एक असे दोन अभ्यासक तिथे एका टेबलाशी बसले, तर 1708 ते 1832 या अंधाऱ्या सव्वाशे वर्षांचा आणि मर्यादेच्या निदान काही प्रथांचा माग काढायला सुरुवात होऊ शकते.